शिवारात दिसलेले जनावर : ओळख आणि नोंद

चंद्रपूर व गडचिरोली या दोन जिल्ह्यांत गाव कोठे संपले आणि रान कोठे सुरू झाले, हे सांगणे पुष्कळ ठिकाणी कठीण असते. धानाच्या बांधीला लागून झुडपी जंगल, झुडपाला लागून सागाचे व बांबूचे रान, आणि त्या सर्वांमधून गुरांची व माणसांची नित्याची पायवाट, अशी या प्रदेशाची रचना आहे. गडचिरोली हा जिल्हा 1982 साली चंद्रपूरपासून वेगळा झाला. त्याच्या दोन-तृतीयांशाहून अधिक भूमीवर आजही वन उभे आहे. अशा मुलखात चितळाचा कळप दृष्टीस पडणे ही काही नवलाची गोष्ट नव्हे. पहाटे मोहफुले वेचावयास गेलेल्या स्त्रीस, तलावाच्या पाळीवरून जाणाऱ्या ढिवरास, जागलीवर बसलेल्या शेतकऱ्यास कोणते ना कोणते जनावर दिसतेच. घरी आल्यावर त्याचा उल्लेख होतो, आणि बहुधा तेथेच ती गोष्ट संपते.

ती तेथे संपू नये, हे सांगण्यासाठी प्रस्तुत लेख आहे. सहज घडलेले असे दर्शन पिकाच्या व जीविताच्या रक्षणास फार उपयोगी पडते. कळप कोणत्या बाजूने उतरतो हे कळले तर राखण कोठे करावी हे ठरते. चितळे नेहमीची चरण्याची जागा एकाएकी सोडून गेली तर त्यामागे काही कारण असते, व ते कारण कधीकधी पट्टेदार असते. पिकाची नासधूस झाल्यावर ती कोणत्या जनावराने केली हे सांगता आले, तर भरपाईचा अर्ज नीट लिहिला जातो. मात्र या सर्वांसाठी जनावर ओळखता आले पाहिजे. येथेच पहिली अडचण उभी राहते, कारण बोलण्यात आपण चार पायांच्या, खुरांच्या व सडपातळ अशा प्रत्येक जनावरास ‘हरीण’ म्हणून मोकळे होतो.

सारंग आणि कुरंग

शासनाच्या भरपाईविषयक आदेशांत ‘हरीण (सारंग व कुरंग)’ असे शब्द आढळतात. पुष्कळ वाचकांना ते केवळ पंडिती अलंकार वाटतात. पण त्यांत नेमका अर्थ भरलेला आहे. सारंग म्हणजे ज्यांची शिंगे फांद्यांसारखी फुटतात व दर वर्षी गळून पुन्हा उगवतात अशी हरणे. चितळ, सांबर व भेकर ही या वर्गात येतात. नवीन शिंग उगवत असताना त्यावर मखमलीसारखी लवदार कातडी असते. आत रक्त खेळत असते. शिंग पूर्ण वाढले की ही कातडी वाळते आणि नर ती झाडाच्या खोडावर घासून काढतो. रानात खोडांची साल माणसाच्या कमरेच्या उंचीवर सोललेली दिसते, त्याचे कारण पुष्कळदा हेच असते. शिंगे फक्त नरांनाच येतात.

कुरंगांची शिंगे मात्र जन्मभर टिकतात. ती गळत नाहीत, त्यांना फाटे फुटत नाहीत, व आतील हाडाच्या गाभ्यावर शिंगाचे पोकळ आवरण असते, जसे ते गाई-बकऱ्यांत असते. काळवीट, चौशिंगा आणि रोही ही कुरंगे होत. रोहीस अन्यत्र नीलगाय म्हणतात आणि त्या नावामुळे ती गाईच्या कुळातली आहे अशी समजूत पसरली आहे. प्रत्यक्षात ते भारतातील सर्वांत मोठे कुरंग आहे.

आता एकेका जनावराकडे पाहू. चितळाविषयी अधिक विस्ताराने लिहिणे भाग आहे, कारण तेच सर्वाधिक दिसते. तांबूस अंगावर पांढरे ठिपके असतात व ते बाराही महिने टिकतात. ऋतुमानाने ते पुसट होत नाहीत. पूर्ण वाढलेल्या नराचे वजन 70 ते 90 किलोपर्यंत भरते व त्याच्या प्रत्येक शिंगास बहुधा तीन टोके असतात. चितळ कळपाने राहते, कुरण आणि झाडी यांच्या सीमेवर चरते, आणि पाण्यापासून फार दूर जात नाही. म्हणून माजी मालगुजारी तलावांच्या भोवतालचे शिवार त्यास विशेष मानवते. वानरांशी त्याची सोबत असते. वानरे झाडावरून पाला व फळे टाकतात, चितळे ती खाली वेचतात, आणि धोक्याची सूचना दोघेही एकमेकांना देतात. मोहाच्या दिवसांत झाडाखाली चितळे जमतात त्याचे कारण गळलेली फुले. त्याच फुलांसाठी अस्वल येते आणि माणूसही जातो, हे लक्षात ठेवावे.

सांबर हे आकाराने चितळाच्या दुपटीहून मोठे, गडद तपकिरी, खरखरीत केसांचे व मानेवर आयाळ असलेले हरीण आहे. नराचे वजन 200 किलोहून अधिक भरते. ते दाट रानात व डोंगरउतारावर राहते, एकटे अथवा दोन-चारांच्या गटाने हिंडते आणि पिकात येते ते अपरात्री. दिवसा सांबर दिसले नाही म्हणून ते शिवारात येत नाही असा निष्कर्ष काढू नये. त्याची शिंगे सामान्यतः मार्च-एप्रिलच्या सुमारास गळतात आणि पावसाळ्यात नवी वाढतात.

भेकर आणि चौशिंगा यांची गल्लत तर जाणत्यांकडूनही होते. काही गावांत दोघांनाही एकच नाव आहे. दोन्ही लहान, साधारण 20 किलोच्या आसपासची. दोन्ही लाजाळू, एकटी-दुकटी राहणारी. भेकराच्या नरास केसाळ उंचवट्यावर उगवलेली दोन आखूड शिंगे असतात, कपाळावर काळ्या रेषा असतात, आणि त्याचे ओरडणे कुत्र्याच्या भुंकण्यासारखे असते. चौशिंग्याच्या नरास चार शिंगे असतात, पुढची दोन अगदी बोटभर वा त्याहूनही लहान. रानातील दुसऱ्या कोणत्याही जनावरास चार शिंगे नाहीत. मादीस शिंगे नसल्याने तिची ओळख कठीण जाते. तेथे एक खूण उपयोगी पडते. चौशिंगा एकाच ठरावीक ठिकाणी पुन्हा पुन्हा लेंड्या टाकतो, त्यामुळे त्यांचा ढीग साचतो. रोहीचीही हीच सवय आहे, परंतु तिच्या लेंड्या बऱ्याच मोठ्या असतात.

रोही हे मोकळ्या शिवाराचे जनावर. वरोरा, भद्रावती, कोरपना या कापूस, सोयाबीन व तुरीच्या पश्चिम पट्ट्यात ते अधिक आढळते. नर निळसर राखाडी, गळ्याखाली केसांचा झुबका असलेला व आखूड शिंगांचा, मादी पिंगट. घोड्यासारखी पुढची बाजू उंच व मागची उतरती असते. मादी पुष्कळदा जुळ्यांना जन्म देते, त्यामुळे संख्या लवकर वाढते.

सर्वांत लहान ती पिसोरी. वजन अवघे 3 किलोच्या आसपास, अंगावर पांढऱ्या ठिपक्यांच्या व पट्ट्यांच्या ओळी, आणि शिंगे नाहीतच. खोडाच्या ढोलीत व दगडांच्या कपारीत ती दडते. पिकाला तिचा उपद्रव नाही. ती पाहिल्यास अवश्य नोंदवावी, कारण ती इतकी गुप्तपणे वावरते की तिच्याविषयीची माहिती अजूनही थोडी आहे.

पिकावरील खुणा

रात्री जनावर येऊन जाते व सकाळी फक्त नासधूस दिसते. अशा वेळी पीक कसे खाल्ले गेले आहे हे वाकून पाहावे. हरणाला वरच्या जबड्यात पुढचे दात नसतात. म्हणून ते रोप कापत नाही, तर खालचे दात व वरची टणक हिरडी यांत धरून ओढून तोडते. तुटलेला शेंडा फाटल्यासारखा, तंतू निघालेला दिसतो. ससा तेच रोप चाकूने तिरपे कापावे तसे स्वच्छ कापतो. सोयाबीन उगवल्यावर कोवळी रोपे जमिनीलगत तिरपी कापलेली दिसली, तर दोष हरणाचा नव्हे. ही एक खूण माहीत असती, तर हरणांच्या नावावर लिहिलेले कितीतरी नुकसान सशाच्या खात्यावर गेले असते.

रानडुक्कर जमीन उकरते, धान लोळवते, ओंब्या चघळून चोथा टाकते आणि आत शिरण्याची एक ठरावीक वाट पाडते. ओल्या मातीत त्याच्या खुराच्या मागे दोन लहान उपखुरांचे ठसे बाजूस उमटतात. चितळाचा ठसा निमुळता व स्वच्छ दुभागलेला असतो. रोही तुरीचे व हरभऱ्याचे शेंडे उंचावरून खाते आणि शेतातच बसकण मारते, तेथे पीक गोलाकार दबते. साळिंदर कंद उकरते व त्याचा एखादा काटा मागे राहतो. मादी डुकरास चार महिन्यांत अनेक पिल्ले होतात, हरिणीस साडेसात-आठ महिन्यांनी बहुधा एकच. डुकरांचा उपद्रव दर वर्षी पुन्हा डोके वर काढतो, त्याचे एक कारण या हिशेबात आहे.

पूर्व भागात उतेरा पद्धतीने धान उभा असतानाच ओल्या बांधीत लाखोळी व जवस टाकतात. धान कापल्यावर सर्व शिवार पिवळे पडलेले असते आणि तेवढीच बांधी हिरवी राहते. रानातील गवतही त्या काळात वाळू लागते. चितळांचे कळप हिवाळ्यात लाखोळीवर तुटून पडतात ते यामुळे. उतेरा एकट्या-दुकट्या बांधीत न घेता शेजाऱ्यांनी सलग पट्ट्यात घेतला, तर राखण वाटून करता येते व एकाच शेतकऱ्यावर भार पडत नाही. रानाच्या कडेची बांधी रात्री निर्जन राहू देऊ नये. मात्र जागल जमिनीवर बसून करू नये. मचाण उंच असावे, शक्यतो दोघांनी मिळून बसावे, व प्रकाशाची सोय हाताशी असावी.

चितळाच्या मागे कोण

जेथे चितळ, सांबर व डुक्कर आहेत तेथे त्यांना खाणाराही येतो. ताडोबा हे 1955 साली राष्ट्रीय उद्यान झाले, 1986 मध्ये अंधारी अभयारण्य घोषित झाले व 1995 मध्ये दोन्ही मिळून व्याघ्र प्रकल्प अस्तित्वात आला. परंतु वाघ प्रकल्पाच्या सीमा मानीत नाही. 2022 च्या गणनेत महाराष्ट्रात 444 वाघ असल्याचा अंदाज निघाला, आणि त्यांपैकी पुष्कळ ब्रह्मपुरी वनविभागासारख्या, शेती व गावे यांनी व्यापलेल्या भागात वावरतात. म्हणून हरणाचे दर्शन केवळ पिकाच्या दृष्टीने पाहून चालत नाही.

हरणांच्या वर्तनातून बरेच कळते. चितळ धोका दिसताच तीक्ष्ण ‘कुईं’ असा आवाज काढते, शेपटी उभारते व पाय आपटते. पण चितळ घाबरट आहे. कुत्रे पाहूनही ते ओरडते. वानराचा खोकल्यासारखा इशारा अधिक भरवशाचा, कारण त्याला वरून दिसते. सांबराचे ठणठणीत ‘पोंक’ पुन्हा पुन्हा एकाच दिशेने येऊ लागले, तर तेथे वाघ अथवा बिबट आहे असेच धरून चालावे व त्या बाजूस जाऊ नये. चरणारे सर्व कळप एकाच दिशेस मान वळवून स्तब्ध उभे असतील, तर माणसानेही तेथेच थांबावे.

चिखलातील ठशांवरूनही ओळख पटते. वाघ, बिबट यांच्या पंजात नखांच्या खुणा उमटत नाहीत. कुत्रा, लांडगा, तरस यांच्या उमटतात. अस्वलाच्या मागच्या पायाचा ठसा माणसाच्या पावलासारखा, पण पुढे लांब नखांच्या रेघा असलेला असतो. बिबट्याचा ठसा रुंदीला साधारण 7 ते 9 सेंटिमीटर असतो. 12 सेंटिमीटरच्या वर गेला तर तो वाघाचा मानावा. ठशाशेजारी काडी अथवा नाणे ठेवून छायाचित्र घेतल्यास माप पक्के होते. ठशाचा माग मात्र काढू नये. वाकून काम करणारा मनुष्य वाघास चार पायांच्या भक्ष्यासारखा दिसू शकतो. मोहफुले, तेंदूपाने, सरपण व चारा यांची कामे सर्व वाकूनच करावयाची असतात. म्हणून ती गटाने, बोलत-चालत व पुरेसे उजाडल्यावर करावीत.

पाडस, गळलेले शिंग आणि तार

गवतात एकटे, निश्चल पडलेले पाडस सापडले की ते पोरके झाले असे समजून घरी आणण्याचा मोह होतो. हरिणी पहिले काही दिवस पिल्लास दडवून ठेवून चरावयास जाते व ठरावीक वेळी येऊन पाजते. पाडसास गंध फार थोडा असतो व न हलणे हेच त्याचे संरक्षण असते. त्यास हात न लावता दूर व्हावे आणि गावातील कुत्री तिकडे फिरकणार नाहीत इतके पाहावे. उचलून आणलेले पाडस क्वचितच जगते. शिवाय ते बाळगणे हा वन्यजीव संरक्षण अधिनियम, 1972 नुसार अपराध आहे. रानात गळून पडलेले शिंग उचलून घरी टांगणेही त्याच कायद्याने निषिद्ध आहे, हे पुष्कळांना ठाऊक नसते.

याहून गंभीर बाब म्हणजे कुंपणात सोडलेला विजेचा जिवंत प्रवाह. डुकरासाठी लावलेल्या अशा तारेने वाघ मेले आहेत, गुरे मेली आहेत, आणि अंधारात बांधावरून जाणारी शेतकरी माणसेही मेली आहेत. घरगुती वाहिनीतून घेतलेला प्रवाह अखंड वाहतो व स्पर्श झालेल्यास सोडीत नाही. सौर ऊर्जेवरील कुंपणाचे यंत्र, ज्यास शेतकरी ‘झटका मशीन’ म्हणतात, ते क्षणभराचा ठोका देऊन थांबते. जनावर दचकून मागे हटते, मरत नाही. दोन्ही तारा दिसावयास सारख्याच असल्या तरी एक कायदेशीर रक्षण आहे व दुसरी मनुष्यवधापर्यंत नेणारी आहे. राज्यात 2015 पासून चालू असलेल्या डॉ. श्यामाप्रसाद मुखर्जी जन-वन विकास योजनेतून व्याघ्र प्रकल्पालगतच्या गावांत सौर कुंपणास साहाय्य मिळते. त्याची चौकशी वनपरिक्षेत्र कार्यालयात करावी. शेतातील उघड्या विहिरीस कठडा बांधणे हेदेखील याच कामाचा भाग आहे. कळप पळताना विहिरीत पडतो, आणि मग शेतकऱ्याचे पाणीही जाते.

नोंद कशी ठेवावी

नोंदीसाठी मोठ्या विद्येची गरज नाही. एक वही पुरे. तारीख, वेळ, ठिकाण (गट क्रमांक, तलावाचे वा नाल्याचे नाव), जनावर, संख्या, त्यांत नर-मादी-पिल्ले किती, ती काय करीत होती आणि कोणत्या बाजूस गेली, इतके लिहावे. प्रत्यक्ष पाहिले की ऐकले, हे वेगळे लिहावे. ‘खूप हरणे’ असे लिहू नये. मोजता आली नाहीत तर ‘दहापेक्षा अधिक’ असे लिहावे. ओळख पटली नाही तर नाव ठोकून देण्यापेक्षा वर्णन लिहावे: शिंगे होती काय, फाटे होते काय, ठिपके होते काय, शेपटीचा रंग कोणता. चुकीच्या नावापेक्षा प्रामाणिक ‘ओळखता आले नाही’ अधिक कामास येते. गोंड व माडिया कुटुंबांतील वडीलधाऱ्यांना या जनावरांची नावे व सवयी पुस्तकांपेक्षा अधिक ठाऊक असतात. त्यांनी वापरलेला शब्द जसाच्या तसा टिपून ठेवावा. वनाधिकारी व लेखक मारुती चितमपल्ली यांनी रानातल्या माणसांकडून असेच शब्द व निरीक्षणे आयुष्यभर गोळा केली, आणि मराठीचा वनविषयक शब्दसंग्रह त्यामुळे समृद्ध झाला.

नुकसान झाले असल्यास वहीतील नोंद ही अर्जाची पूर्वतयारी होय. पिकाच्या नुकसानीची तक्रार नजीकच्या वन कर्मचाऱ्याकडे 3 दिवसांच्या आत, व वाघ-बिबट्याने गुरे मारल्यास 48 तासांच्या आत करावी लागते. पंचनामा होईपर्यंत मृत जनावर जागेवरून हलवू नये व पीक मोडू नये. नुकसानीची छायाचित्रे त्याच दिवशी घ्यावीत. तातडीच्या वेळी वनखात्याचा 1926 हा दूरध्वनी क्रमांक उपयोगी पडतो. गावपातळीवरील कार्यकर्त्याने निदान इतके करावे की, निरक्षर अर्जदाराचा अर्ज मुदतीत पोहोचेल. मुदत टळल्यामुळे गेलेली भरपाई परत मिळविणे फार कष्टाचे असते.

दोन दर्शने अशी आहेत की ती वहीत लिहून न थांबता त्याच दिवशी कळवावीत. एक रानम्हैस. सिरोंचा वनविभागातील कोलामार्का येथे तिच्यासाठी संरक्षित क्षेत्र आहे, आणि इंद्रावतीच्या बाजूने ती छत्तीसगडमध्ये ये-जा करते. तिची संख्या अगदी मोजकी उरली आहे. पाळीव म्हशीहून ती थोराड असते, शिंगे लांब व पसरट, आणि पायांचा खालचा भाग मळकट पांढरा असतो. तिच्या वावराच्या भागातील पाळीव गुरांना लाळ्या-खुरकूत व घटसर्प यांच्या लसी वेळेवर टोचल्या तर दोघांचेही रक्षण होते.

दुसरे हत्ती. 2021 च्या ऑक्टोबरमध्ये छत्तीसगडमधून रानटी हत्तींचा कळप गडचिरोलीत उतरला. या मुलखात पाळीव हत्ती कमलापूरच्या शासकीय कॅम्पमुळे परिचयाचे होते, पण रानटी कळपाची सवय कोणासच नव्हती. त्याने धान तुडविला व घरेही पाडली. हत्ती कळपाने हिंडतात, रात्रीत पुष्कळ अंतर तोडतात, आणि साठवलेल्या धानाच्या व मोहाच्या वासाने वस्तीकडे वळतात. म्हणून कळप आज कोणत्या नाल्याकाठी दिसला हे पुढच्या गावास सायंकाळपूर्वी कळणे हाच तेथील खरा बचाव आहे. हत्ती पाहण्यासाठी जमाव करू नये, फटाके वा दगड फेकून त्यांस डिवचू नये, आणि ज्या घरात मोह वा धान साठवलेला आहे तेथे कळप जवळ असताना रात्री कोणी झोपू नये.